माउसचा दिवा लागतो, पण माउस हलत नाही

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातून मे महिन्यातल्या एका सकाळी माझ्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात फोन आला. "यूएसबी सगळे गेलेत. माउसचा दिवा लागतो, पण माउस हलत नाही. चार वाजता गाडी भरायची आहे आणि एक लेबल निघेना."

मी विचारलं, "दिवा सगळ्या पोर्टांवर लागतो का, मालक?" एकेका पोर्टात माउस लावून त्यांनी सांगितलं: मागच्या वरच्या दोन पोर्टांवर लागून राहतो, खालच्या दोनांवर लागतो आणि मंद होतो, पुढच्या दोनांवर लागतच नाही. निम्मं निदान इथेच झालं. दिवा लागला म्हणजे ५ व्होल्ट पोचले. ते पोचूनही माउस हलत नसेल तर दोष डेटाच्या दोन तारांत शोधायचा, दिवा मंदावत असेल तर सप्लायमध्ये. म्हणजे एकाच मशीनवर दोन वेगळे आजार, आणि पुढच्या पॅनेलचा तिसरा.

निघताना पीएस/२ चा, म्हणजे जुन्या गोल पिनचा, कीबोर्ड आणि माउस आठवणीने घेतला. यूएसबी बंद असलेल्या मशीनवर त्यांच्याशिवाय काहीच करता येत नाही. ते मशीन बंद असतानाच जोडायचे. चालू मशीनमध्ये खोचले तर बहुतेक वेळा ओळखले जात नाहीत, आणि बोर्डालाही ते बरं नाही.

मशीन जी४१ चिपसेटचं, विंडोज ७. त्यात आयसीएच७ साउथब्रिज, म्हणजे यूएसबी वगैरे पोर्ट सांभाळणारी बोर्डावरची चिप. या साउथब्रिजमध्ये आठ यूएसबी २.० पोर्टांची सोय असते आणि त्यांचे कंट्रोलर चिपच्या पोटातच असतात. डेटाच्या तारेवर बसलेला झटका म्हणूनच थेट तिथे जातो. मालकांचं म्हणणं होतं, "विंडोज मारून बघा ना." सी ड्राइव्हमध्ये कित्येक वर्षांची बिलं होती. कारण न कळता फॉरमॅट करायला मी तयार नव्हतो.

आधी सगळ्या यूएसबी वायरी काढल्या, पॉवर केबल भिंतीतून उपसली आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरलं. पुष्कळ बोर्डांवर मशीन बंद असतानाही ५ व्होल्ट स्टँडबाय पोर्टांना मिळत राहतो. त्यामुळे नुसतं रीस्टार्ट केल्याने अडकलेला कंट्रोलर सुटत नाही आणि पोर्टाचा फ्यूजही थंड होत नाही. बऱ्याच जुन्या मशीनचे पोर्ट एवढ्यानेच जागे होतात. हे झाले नाहीत.

मग पुढचं पॅनेल. टॉर्च मारून पाहिलं तर एका पोर्टात टॉवेलचा कापूस ठासून बसला होता, गादीसारखा, आणि आतली पांढरी पट्टी तुटून तिचे दोन पाय मागे, खोळीच्या पत्र्याला टेकले होते. ५ व्होल्टचा पाय पत्र्याला टेकला की बोर्ड ओव्हर-करंट समजतो. काही बोर्ड त्यापायी १५ सेकंदांत स्वतःहून बंद होतात. बोर्डावरच्या नऊ पिनांच्या हेडरवरून पुढच्या पॅनेलची वायर उपटून बाजूला ठेवली. जुन्या मशीनवर पहिलं स्क्रू-ड्रायव्हरचं काम हेच असावं, कारण ही वायर फुकट निघते आणि खूप वेळा दोषी तीच असते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबीचे पाचही कंट्रोलर दिसत होते, एकावरही पिवळी खूण नाही. म्हणजे साउथब्रिज जिवंत होता. ते सगळे अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं की विंडोज ते नव्याने बसवतं. तेही केलं. फरक नाही. (कीबोर्ड-माउस यूएसबीचेच असतील तर हे करू नका, एक कंट्रोलर उडाला की हातात काहीच राहत नाही.) शेवटी लिनक्सची लाइव्ह डीव्हीडी लावली. वरच्या पोर्टात माउस घातला तरी लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, एक ओळ उमटली नाही. विंडोजचा प्रश्न तिथेच मिटला.

लॉग रिकामा राहण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. यूएसबी उपकरण १.५ किलोओहमच्या रेझिस्टरने एक डेटा तार वर ओढून आपण आल्याचं सांगतं. डेटाच्या दोन तारांपैकी माउस डी मायनस ओढतो, पेन ड्राइव्ह डी प्लस. ती तार कुठेतरी ग्राउंडकडे खेचली जात असेल तर आल्याची वर्दीच पोचत नाही. मग 'अननोन डिव्हाइस' असा संदेशही येत नाही.

आता मीटर. खालच्या पोर्टांवर रिकामं असताना ५.०४ व्होल्ट, माउस लावला की ३.२. रिकाम्या पोर्टाचं रीडिंग फसवतं, लोड लावूनच मोजायचं. मशीन बंद करून पोर्टाजवळचा पॉलीफ्यूज (जास्त करंटने तापला की वाट अडवणारा, थंड झाला की पुन्हा सोडणारा फ्यूज) मोजला तर १८ ओहम भरला. तो एका ओहमच्या बराच खाली हवा. माउसने १०० मिलीअँपिअर घेतले की १८ ओहमवर १.८ व्होल्ट पडणारच. हा १.१ अँपिअरचा फ्यूज दोन पोर्टांत सामाईक होता, आणि त्या दोन पोर्टांवर दिवसभर कामगारांचे मोबाइल चार्जिंगला असायचे. दोन मोबाइल मिळून १ अँपिअर. थंड हवेत ते निभावलं असतं. पण सोलापुरात मे महिन्यात बाहेरच ४३ अंश, आणि कापसाने पंखा झाकलेल्या कॅबिनेटच्या आत त्याहून बरंच जास्त. पॉलीफ्यूज ६० अंशांना जवळपास एक तृतीयांश क्षमता गमावतो. तो रोज ट्रिप व्हायचा, आणि दर ट्रिपनंतर त्याचा रोध थोडा वाढतच राहतो.

वरच्या पोर्टांचं कारण हाताला कळलं. लेबल प्रिंटरची सुटी केबल उचलताना दुसरा हात कॅबिनेटला लागला आणि बोटांत मुंग्या आल्या. केबलचा पत्रा आणि कॅबिनेट यांच्यामध्ये १०४ व्होल्ट एसी! प्रिंटर भिंतीच्या सॉकेटवर, संगणक एक्स्टेन्शन बोर्डावर. एक्स्टेन्शनची अर्थची तार प्लगमध्येच तुटलेली. अर्थ नसला की एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाच्या पॉवर सप्लायच्या, फिल्टर कपॅसिटरमुळे कॅबिनेटवर मेन्सच्या साधारण निम्मा व्होल्टेज तरंगतो. करंट अगदी थोडा, पण प्रिंटरचा प्लग खोचण्याच्या क्षणी तो साठा एकदम मोकळा होतो. यूएसबी प्लगमध्ये पत्रा आधी टेकतो, मग सप्लायचे लांब पाय, शेवटी डेटाचे, म्हणजे झटका पत्र्यातूनच जायला हवा. या पोर्टाच्या पत्र्याच्या स्प्रिंगा ढिल्या होऊन काळ्या पडल्या होत्या. त्यामुळे झटका डेटाच्या पायांतून गेला.

अर्थ नीट झाल्याशिवाय प्रिंटर कशालाही जोडायचा नाही असं ठरवलं. कारखान्याच्या वायरमनने नवीन एक्स्टेन्शन लावून दिलं आणि अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि रॉडला सोडते, म्हणून हे करावंच लागतं. मग मोजलं: फेज-अर्थ २२८, न्यूट्रल-अर्थ १.८ व्होल्ट, म्हणजे अर्थ ठीक. मग रिकाम्या पीसीआय स्लॉटमध्ये यूएसबी २.० चं कार्ड बसवलं. यूएसबी ३.० चं मुद्दाम नाही घेतलं. विंडोज ७ मध्ये त्याचा ड्रायव्हर अंगभूत नसतो.

प्रिंटर ओळखला गेला, तरी लेबल निघेना. पोर्ट बदलला की विंडोज त्याच प्रिंटरची 'कॉपी १' तयार करतं आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर जुन्याच नावाला प्रिंट पाठवत राहतं. जुन्या प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्सच्या पानावर यूएसबी००१ ची खूण काढून यूएसबी००२ वर केली. अडीचला पहिलं लेबल निघालं आणि गाडी वेळेवर भरली.

संध्याकाळी बोर्ड दुकानात आणला. हॉट एअरने १८१२ मापाचा १.१ अँपिअरचा नवा फ्यूज बसवला. काही जण तिथे तारेचा तुकडा डकवतात. तसं केलं तर पुढच्या शॉर्टमध्ये ट्रॅक जळतो, म्हणून ते करू नये. मग डायोड मोडवर लाल प्रोब ग्राउंडला, काळा डेटाच्या पायांवर. खालच्या चांगल्या पोर्टांवर सगळीकडे ०.५८. आकडा त्याहून बराच खाली आला तर ती तार ग्राउंडकडे खेचली जाते आहे असं समजायचं. वर, माउसच्या पोर्टाचा डी मायनस ०.११, प्रिंटरच्या पोर्टाचा डी प्लस ०.०४. लगेच साउथब्रिजला दोष दिला नाही. पोर्टांमागे सहा पायांची एक संरक्षक चिप असते, ती उचलली. माउसचा पोर्ट ०.५८ वर परत आला. प्रिंटरचा ०.२१ च्या वर चढला नाही. ती तार साउथब्रिजच्या आतच गेली होती. एसआरव्ही०५-४ ही नवी संरक्षक चिप बसवली.

दुसऱ्या दिवशी बोर्ड परत चढवला. बोर्डावरचे तीन पोर्ट चालू. कीबोर्ड त्यातल्याच एकावर ठेवला, कारण कार्डावरचा कीबोर्ड अशा जुन्या बायोसमध्ये बहुधा चालत नाही. प्रिंटर कार्डावरच राहू दिला. मेलेल्या पोर्टात रबरी टोपण घातलं, आणि मोबाइलसाठी भिंतीवर दोन चार्जर लावून घेतले.