न्यायाधीश निलंबित, दावा निकालासाठी राखीव : माझा अनुभव

आपला दावा ज्यांच्यासमोर चालला त्या न्यायाधीशांवरच लाच मागितल्याचा गुन्हा दाखल झाला तर पक्षकाराने काय करायचे, हे त्या काळात मला कोणीही सांगू शकले नाही. न्यायालयाच्या कार्यालयाने नाही आणि रोज पत्रकार परिषदा घेणाऱ्या पुढाऱ्यांनी तर मुळीच नाही. आमचा वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात होता. साक्षीपुरावे संपले होते, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद झाले होते आणि दावा निकालासाठी ठेवलेला होता. त्याच सुमारास दुसऱ्याच एका प्रकरणात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने त्या न्यायाधीशांवर गुन्हा नोंदवला आणि उच्च न्यायालयाने त्यांना निलंबित केले. आरोप खरा की खोटा हे विशेष न्यायालय ठरवील, त्यामुळे त्याबद्दल मी येथे काहीही लिहिणार नाही.

त्यानंतरचे काही आठवडे तालुक्यात राजकारणाशिवाय दुसरा विषय नव्हता. विरोधकांनी न्यायालयाच्या फाटकासमोर निदर्शने करून सरकारने त्या न्यायाधीशांना ताबडतोब बडतर्फ करावे अशी मागणी केली. सत्ताधाऱ्यांनी कोणालाही पाठीशी घालणार नाही असे उत्तर दिले. हा विषय सरकारच्या हातातला आहे, असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले होते. वास्तविक राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार दुय्यम न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे असते. निलंबन आणि विभागीय चौकशी तेथूनच होते, आणि बडतर्फीचा आदेश राज्यपालांच्या नावे निघाला तरी तो उच्च न्यायालयाच्या शिफारशीवरूनच निघतो. 'सामान्य माणसाला लगेच उचलतात, मग यांना का नाही' असाही प्रश्न सभांमधून विचारला गेला. त्याचे उत्तर १९९१ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. १९८९ मध्ये गुजरातमधील नडियादच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना पोलिसांनी मारहाण करून, बेड्या घालून, दोरखंडाने बांधले होते. त्या प्रकरणात न्यायालयाने न्यायिक अधिकाऱ्याच्या अटकेचे नियम घालून दिले : जिल्हा न्यायाधीशांना किंवा उच्च न्यायालयाला कळवूनच अटक करावी, त्यांच्या आदेशाशिवाय अधिकाऱ्याला पोलीस ठाण्यात नेऊ नये, वकील किंवा समकक्ष वा वरिष्ठ न्यायिक अधिकारी हजर असल्याशिवाय जबाब घेऊ नये. ही सवलत नाही. पोलिसांच्या मनाविरुद्ध निकाल देणारा न्यायाधीश सुरक्षित राहावा यासाठी ती तजवीज आहे, आणि ती मला पूर्णपणे योग्य वाटते.

सगळ्यात जास्त नुकसान केले ते एका पुढाऱ्याच्या विधानाने. या न्यायाधीशांनी दिलेले सगळे निकाल रद्द करा, असे त्यांनी जाहीर सभेत सांगितले आणि ज्यांचे हुकूमनामे (निकालावरून निघणारे न्यायालयाचे औपचारिक आदेश) झालेले होते ती माणसे हवालदिल झाली. असे सरसकट काहीही रद्द होत नाही. वरिष्ठ न्यायालय फिरवीपर्यंत प्रत्येक निकाल कायम असतो आणि तो फिरवायचा तर मुख्य मार्ग अपिलाचाच आहे.

आता आमच्या दाव्याकडे येतो, कारण तो नेमका कोठे अडकला हे कोणाच्याच भाषणात नव्हते. निलंबनानंतर त्या न्यायालयाचा कार्यभार शेजारच्या न्यायाधीशांकडे दिला गेला. प्रभारी न्यायाधीश मनाई हुकमासारखी तातडीची कामे पाहत आणि बाकीच्या प्रकरणांना पुढची तारीख मिळत असे. ज्या दाव्यांत पुरावा चालू होता त्यांचे त्यामुळे फारसे बिघडत नव्हते. निकालासाठी राखलेल्या दाव्यांचे मात्र विचित्र झाले. ज्यांनी युक्तिवाद ऐकला ते निकाल देऊ शकत नव्हते, आणि ज्यांच्याकडे कार्यभार होता त्यांनी युक्तिवाद ऐकलेलाच नव्हता. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाकला की टप्पा 'निकाल' असाच दिसे; फक्त तारीख बदललेली असे. युक्तिवाद संपल्यापासून साधारण तीस दिवसांत आणि अपवादात्मक परिस्थितीत साठ दिवसांत निकाल द्यावा, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २० मध्ये लिहिलेले आहे. ती मुदत कधीच उलटून गेली होती.

कार्यालयात विचारले की फाइल साहेबांच्या दालनातल्या कपाटात आहे आणि कपाटाला सील आहे, असे उत्तर मिळे. सील कोणी काढायचे, हे विचारल्यावर तपास अधिकाऱ्यांकडे बोट दाखवले जाई. तपास अधिकाऱ्यांकडे गेल्यावर, न्यायालयाच्या अभिलेखाशी आमचा संबंध नाही, आम्हाला हवे होते ते आम्ही केव्हाच नेले, असे सांगितले गेले. परत कार्यालयात आल्यावर 'वरून आदेश आल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही' हे वाक्य ऐकायचे, आणि वरून म्हणजे कोणाकडून हे कोणीही सांगायचे नाही. या फेऱ्यांत उन्हाळी सुट्टी आली आणि गेली. तेथील कर्मचारी उद्धट नव्हते, घाबरलेले होते, हे मला दिसत होते. चौकशी चालू असलेल्या दालनातला कागद हलवून उद्या आपल्यावर ठपका येऊ नये, एवढीच त्यांची काळजी होती. पण ज्याच्या दाव्यात वादी म्हणून लावलेली वृद्ध आई निकालाची वाट पाहत आहे, त्याने ती भीती किती दिवस समजून घ्यायची? या सगळ्यात तोंडी विचारणेला काडीचीही किंमत नसते. तोंडी उत्तराची जबाबदारी कोणावरच येत नाही, म्हणूनच ते इतक्या सहज दिले जाते.

कोंडी फुटली ती लेखी अर्जाने. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायालय आपल्या अखत्यारीतल्या कोणत्याही न्यायालयातला दावा काढून घेऊन दुसऱ्या सक्षम न्यायालयाकडे देऊ शकते. पक्षकाराच्या अर्जावर विरुद्ध बाजूला नोटीस काढून, किंवा स्वतःहून नोटीस न काढताही. आमच्या वकीलबाईंनी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे असा अर्ज केला. अर्जासोबत रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झाले याच्या नोंदवहीची, प्रमाणित नक्कल लावली, आणि तीच निर्णायक ठरली. दावा निकालासाठी कधी ठेवला गेला आणि त्यानंतर प्रत्येक तारखेला काय घडले नाही, हे त्या रोजनाम्यात न्यायालयाच्याच शब्दांत लिहिलेले होते. मूळ फाइल कपाटात असताना रोजनामा मिळणार नाही असे कार्यालयाचे म्हणणे होते. सुदैवाने मी प्रत्येक टप्प्यावर नक्कल काढून ठेवत आलो होतो आणि फक्त शेवटच्या तारखांची भर संकेतस्थळावरून घालावी लागली. या सवयीचा मला आजही अभिमान आहे. तुमचा दावा सुरळीत चालू असला तरी वर्षातून एकदा रोजनाम्याची आणि निशाणी पडलेल्या (पुराव्यात क्रमांक मिळालेल्या) दस्तऐवजांची प्रमाणित नक्कल घ्याच.

प्रतिवादींनी हरकत घेतली नाही. जिल्हा न्यायाधीशांच्या आदेशाने कपाट पंचांसमक्ष उघडले गेले, फायलींची यादी झाली आणि आमचा दावा दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग झाला. पुरावा पुन्हा घ्यावा लागेल ही आमची मोठी भीती होती, कारण आमचा एक साक्षीदार दरम्यान वारला होता. तसे झाले नाही. आदेश १८ नियम १५ नुसार आधीच्या न्यायाधीशांनी नोंदवलेल्या पुराव्यावरून पुढचे न्यायाधीश काम चालवू शकतात. युक्तिवाद मात्र पुन्हा करावाच लागतो, कारण ज्यांनी ऐकले नाही त्यांनी निकाल देणे योग्य नाही. आमचा लेखी युक्तिवाद आधीपासून अभिलेखावर असल्याने तेही काम लवकर आटोपले.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. या काळात अनेकांनी मला, तुमच्याकडेही पैसे मागितले होते अशी तक्रार ठोकून द्या, दावा लवकर हलेल, असा सल्ला दिला. आमच्याकडे कोणी काही मागितले नव्हते, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता. ज्यांच्याकडे खरोखर मागणी झाली असेल त्यांनी उच्च न्यायालयाकडे तक्रार जरूर करावी, पण ती प्रतिज्ञापत्रासह आणि पडताळता येईल अशा माहितीसह करावी; त्याशिवाय तिची दखल घेतली जात नाही. निनावी पत्रे आणि पुढाऱ्यांना दिलेली निवेदने यांचा येथे उपयोग नाही.

निलंबनाचा आदेश निघाला त्याच आठवड्यात निकालासाठी राखलेल्या दाव्यांची यादी करून ते इतर न्यायालयांकडे सोपवले असते, तर आमच्यासारख्या सगळ्याच पक्षकारांची ही पायपीट वाचली असती, आणि पुढाऱ्यांनी मागायचेच होते तर हे मागायला हवे होते. आमच्या दाव्यात आता प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कोणाचा किती हिस्सा हे ठरवणारा आदेश, झाला आहे. प्रतिवादींना जिल्हा न्यायालयात अपिलासाठी तीस दिवस आहेत आणि नक्कल मिळण्यास लागणारा वेळ त्यातून वगळला जातो. ती मुदत संपली की हिश्श्यांच्या मोजणीसाठी कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवण्याचा अर्ज आम्ही तयार ठेवला आहे.