सून गाडी चालवेल

सॅन डिएगोतल्या आमच्या छोट्या ऑफिसातून मेक्सिकोची हद्द अर्ध्या तासावर आहे. पलीकडे बाहा कॅलिफोर्निया, म्हणजे एका अंगाला पॅसिफिक, दुसऱ्या अंगाला कोर्तेझचा समुद्र आणि मधे वाळवंट. तिहुआनापासून काबो सान लुकासच्या टोकापर्यंत सुमारे १,७०० किलोमीटरचा एकच हमरस्ता, तोही पूर्ण झाला १९७३ साली. या रस्त्याच्या सहली आखून देणं हे माझं काम.

फेब्रुवारीत सांगलीचे काका-काकू मुलाकडे आले होते. मी मिरजेची, त्यामुळे काकूंशी पहिल्याच फोनवर गट्टी जमली. त्यांना देवमासा बघायचा होता. करडे देवमासे आर्क्टिककडून हजारो किलोमीटर पोहत बाहाच्या उथळ खाड्यांमध्ये व्यायला येतात, आणि माद्या पिल्लांना घेऊन चक्क होडीला येऊन चिकटतात. याच खाड्यांत एकोणिसाव्या शतकात त्यांची कत्तल झाली होती. पिल्लासाठी होड्या उलथवतात म्हणून शिकारी तेव्हा त्यांना सैतान मासा म्हणायचे.

आखणी सरळ होती. पहिला मुक्काम सान किंतिन, दुसरा गेरेरो नेग्रो, सगळं मिळून सुमारे ७०० किलोमीटर. एल रोसारियोला टाकी भरायचीच, कारण पुढे जवळजवळ ३०० किलोमीटर पंपाचा भरवसा नाही. कातावीन्याला पिंपातून पेट्रोल विकतात, पण ते आहे असं समजून निघू नये. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा. रस्त्याला कडेची पट्टी नाही आणि रात्री डांबरावर गाई बसतात. लष्कराच्या नाक्यावर गाडी थांबवतील, तेव्हा खिडकी खाली करून हसायचं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी शेवटचं म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट मागवले. म्हाताऱ्यांचे कागद मी पंधरा दिवसांपूर्वीच दोनदा तपासले होते. मुलाचे नव्हते. 'आमचं सगळं ओके आहे' म्हणाला, आणि दहा वर्षं इथे राहिलेल्या माणसाला काय विचारायचं, म्हणून मी सोडून दिलं. चूक माझीच. त्याच्या पासपोर्टातला एच-१बीचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, शिक्का ऑक्टोबरात संपला होता.

फोन केला तर तो निवांत. "ताई, आय-९४ चालू आहे. तीस दिवसांच्या आत मेक्सिकोहून परत येता येतं, जुन्या शिक्क्यावर. मित्र जाऊन आलाय."

ते खरंच आहे. आय-९४ म्हणजे अमेरिकेत किती दिवस राहता येईल त्याची नोंद, ती चालू होती. पण तो नियम अमेरिकेत परत येण्याचा. मेक्सिकोत शिरायचं तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो, नाहीतर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड. त्याच्याकडे तिन्ही नव्हतं. मेक्सिकन वकिलातीची अपॉइंटमेंट एका दुपारीत मिळत नाही.

"गाडीने जाताना कोणी बघतसुद्धा नाही," तो म्हणाला. हेही खोटं नाही. हद्दीवरच्या सान इसिद्रोच्या नाक्यावर पुष्कळ गाड्या थेट आत जातात. प्रवेशाच्या कागदावर शिक्का हवा तर आपणच उजवीकडे थांबून कचेरी शोधावी लागते. पण पुढे नाक्यावर कुणी कागद मागितला तर काय, वाळवंटात, दोन म्हाताऱ्यांसमोर? मी सहल रद्द करते म्हणाले.

पाच मिनिटं फोनवर कोणीच बोलेना. मग सून म्हणाली, "माझा शिक्का चालू आहे." गेल्या वर्षी भावाच्या लग्नाला पुण्याला गेली तेव्हा मुंबईत करून आली होती. तिचा स्वतःचा एच-१बी. "मी चालवते."

मागून काकांचा आवाज आला, "एकटी?" त्यावर काकू काहीतरी बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही. काकांचा आवाज पुन्हा आला नाही.

आता गाडी मुलाच्या नावावर, त्याचं कर्ज फिटलेलं, नशीब! नाहीतर बँकेचंही पत्र लागलं असतं. संध्याकाळी पाचपर्यंत नवऱ्याने बायकोला गाडी नेऊ दिल्याचं नोटरी केलेलं पत्र तयार झालं. मेक्सिकोचा विमा तिच्या नावाने पुन्हा काढला. अमेरिकेचा विमा तिथे धरत नाहीत, आणि अपघात झाला तर दोष कुणाचा हे ठरेपर्यंत चालकाला पोलीस अडकवू शकतात. गेरेरो नेग्रोच्या पुढचा सान इग्नासियोचा फाटाही बेतात होता, तो मी कापून टाकला. एकटीच्या हाती तेवढं पुरे. आणि तिला दोनदा बजावलं, की २८व्या अक्षांशाची, म्हणजे बाहाच्या दोन राज्यांमधली, रेघ ओलांडली की घड्याळ एक तास पुढे. होडी सुटते ती तिथल्या वेळेने.

शेवटी काकूंचा फोन. गाडी लागते म्हणून लिंबं घेतली तर चालतील का? राज्याच्या सीमेवर फळं काढून घेतात, विशेषतः लिंबू-संत्री. आवळासुपारी घ्या म्हटलं.

पहाटे साडेपाचला त्यांची गाडी निघाली. मुलगा कामावर गेला आणि दिवसभर मला मेसेज करत राहिला: एन्सेनादा आलं का, रेंज का नाही. रेंज नव्हतीच. एल रोसारियोनंतर कितीतरी तास नसते, हे त्याला मीच लिहून दिलेल्या कागदावर होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गेरेरो नेग्रोहून फोटो आला. देवमासा हललेला, नुसतं करडं काहीतरी. काकूंचा हात मात्र स्पष्ट, बांगड्यांसकट कोपरापर्यंत भिजलेला. खाली सुनेने लिहिलं होतं: 'आई म्हणतात, ओल्या वांग्यासारखं लागतं हाताला. लिंबं चार निघाली पर्समधून, घेतली त्यांनी.'