पाठीवरचे पॅच

आजींना वॉर्डात आणलं तेव्हा त्यांची मुलगी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "सिस्टर, परवापर्यंत आई मला ओळखत होती हो."

लघवीत इन्फेक्शन, १०१ ताप, उलट्या. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटला इन्फेक्शन झालं की दोन दिवसांत तो पार गोंधळतो, कधी गुंगीत पडून राहतो, कधी रात्रभर ओरडतो. हा डेलिरियम. मूळ आजारच बळावला असं घरच्यांना वाटतं. त्यामुळे आजींच्या बरळण्याचं आम्हाला नवल वाटलं नाही, आणि उलट्याही इन्फेक्शनच्याच समजल्या गेल्या.

मला खटकली ती नाडी. तापात ती वाढायला हवी, आजींची ४८. पुन्हा मनगट धरून पूर्ण मिनिटभर मोजली. ४८च. औषधांच्या पिशवीत नाडी मंदावणारी एकही गोळी नव्हती.

अंग पुसायला कुशीवर वळवलं आणि गाऊन बाजूला केला, तर डाव्या खांद्यामागे एक गोल पॅच, म्हणजे कातडीतून औषध शरीरात सोडणारी चिकटपट्टी. कमरेच्या वर दुसरा. उजव्या दंडावर तिसरा, कडा सुटलेला, मळकट. रिवास्टिग्मिन! स्मृतिभ्रंशाचंच औषध. चोवीस तासांनी जुना पॅच काढायचा, मगच दुसऱ्या जागी नवा लावायचा, कारण जुन्यातही औषध उरलेलं असतं. मात्रा जास्त झाली की उलट्या होतात, घाम फुटतो, नाडी मंदावते.

डॉक्टरांना लगेच कळवलं. तिन्ही पॅच काढले, ईसीजी काढला, मॉनिटर लावला.

"सकाळी मी लावते," मुलगी म्हणाली. तिच्या भावाचा चेहरा उतरला. आई तापाने फणफणल्यापासून दोघं पाळीपाळीने जागत होते, आणि पॅच चुकायला नको म्हणून तो रात्री लावत होता. ताई रडायलाच लागल्या. मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो त्यांच्याजवळच्या कागदाचा. त्यावर फक्त 'रोज एक' एवढंच लिहिलेलं. जुना काढा, हे कोणीच लिहिलं नव्हतं.

पिशवीत सर्दीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टीही होती, झोप लागावी म्हणून दिलेली. तसल्या गोळ्यांनी गोंधळ वाढतो, लघवीही अडकू शकते. ती बंद केली.

तिसऱ्या दिवशी नाडी ६६ होती. डॉक्टरांनी पॅच पुन्हा सुरू केला तेव्हा लावण्याआधी त्यावर पेनाने तारीख घातली आणि भिंतीवर एकच तक्ता लावला. दुसऱ्या दिवशी दादांनी आधी जुना काढला, चिकट बाजू आत ठेवून घडी घातली, मला दाखवला, आणि मग नव्या पॅचचं पाकीट फोडलं.