साडेपाच तासांचा प्रवास आणि सात रात्रींचा मुक्काम

2025 च्या दिवाळीला सात महिन्यांच्या लेकीला घेऊन गावी जाणार असल्याचे मी सांगितले, तेव्हा ज्याने त्याने काळजी केली ती प्रवासाची. एवढ्याशा बाळाला रेल्वेने नेणार, गर्दीत तिला कुठे झोपवणार, ती रडायला लागली तर काय करणार, असे प्रश्न ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टपासून माझ्या कार्यालयातल्या जेवणाच्या टेबलापर्यंत सगळीकडे विचारले गेले, आणि मीही त्यांना इतकी भ्यायले होते की दोन महिने केवळ ठाणे ते चिपळूण एवढ्याच पट्ट्याची तयारी करत राहिले. गावी पोहोचल्यावर पुढे काय, हे मात्र कोणीच विचारले नाही.

आमचे गाव गुहागर तालुक्यात आहे. गाडीने जावे की रेल्वेने, यावर घरात फार चर्चा झाली नाही, कारण मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण गेली कित्येक वर्षे कसे चालले आहे हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मोठ्या माणसाला खड्डा चुकवलेला कळतो आणि न चुकवलेलाही सोसतो. बाळाची मान मात्र अजून तेवढी भरवशाची नसते, आणि दूध पाजायला थांबायचे म्हटले तर कशेडीच्या आसपास पावसाळ्यानंतरच्या चिखलात गाडी बाजूला घ्यायची कुठे, हा प्रश्न उरतोच. तेव्हा रेल्वे ठरली. आरक्षणाची मुदत 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आली असल्यामुळे 18 ऑक्टोबरच्या तिकिटांसाठी 19 ऑगस्टच्या सकाळी आठ वाजता बसायचे होते. त्या मंगळवारी ठाण्या-मुंबईत पावसाने असा कहर केला होता की नवऱ्याला कार्यालयात जाताच आले नाही, आणि त्यामुळेच आम्ही दोघे दोन मोबाइल घेऊन एकाच वेळी प्रयत्न करू शकलो. मांडवी एक्स्प्रेसच्या वातानुकूलित डब्यात दोन जागा मिळाल्या, त्यातली एक खालच्या बर्थची. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र जागा नको असेल तर तिकीट लागत नाही, म्हणजेच आमच्या तिघांच्या कुटुंबासाठी रेल्वेच्या हिशेबात जागा दोनच होत्या. उत्तर रेल्वेने 2022 च्या मे महिन्यात लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला लागून बाळासाठी लहान बर्थ बसवण्याचा प्रयोग केला होता. कोकणातल्या गाड्यांत तो आला असता, तर गणपतीच्या दिवसांत त्या लहान बर्थवर कोणाचे तरी सामान ठेवलेले दिसले असते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. बाळाची बाबागाडी घरी ठेवली, कारण सकाळी ठाणे स्थानकाच्या जिन्यांवर ती उचलून न्यावी लागते आणि मग ती वाहन न राहता ओझे होते. बाळाची कारमधली खुर्ची मात्र नेली. चिपळूणहून गावापर्यंतचा वळणावळणाचा रस्ता तिला मांडीवर घेऊन करायचा नाही, एवढे आमचे पक्के ठरले होते. शिवाय चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा योग्य आसन नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या 194ब कलमाखाली एक हजार रुपये दंड आहे, हे पुष्कळांना ठाऊकही नसते. एका मैत्रिणीकडून उसनी आणलेली ती खुर्ची फलाटावर ठेवली, तेव्हा शेजारच्या काकांनी आपुलकीने विचारले, "घरात पंगतीला खुर्च्या कमी आहेत का?"

गाडी ठाण्याला दोन-तीन मिनिटेच थांबते. नवरा सामानासह एका दारातून आणि मी छातीशी बांधलेल्या लेकीसह दुसऱ्या दारातून चढलो, आणि ज्या प्रवासाच्या धास्तीने मी दोन महिने झुरत होते, तो सुरू होताच लेक झोपली. पनवेल गेले, रोहा गेले आणि कोकण रेल्वेची हद्द लागली तरी ती झोपलेलीच होती. गाडीचा एकसुरी आवाज आणि हलका झोका ही बाळांसाठी केलेलीच सोय असावी. जागी झाल्यावर तिने दूध प्यायले, मग समोरच्या आजोबांचा चष्मा, पडदा, खिडकीतून मागे पळणारी भाताची पिवळी शेते आणि स्वतःचे पाय अशी एकेका गोष्टीची नीट पाहणी केली. पावसाळी वेळापत्रक 20 ऑक्टोबरपर्यंत लागू असल्यामुळे गाडी आपल्या पावसाळी चालीनेच जात होती. एरवी मी चिडले असते, पण त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच घाई नव्हती. रडणे झाले ते एकदाच, नातूवाडीच्या बोगद्यात. चार किलोमीटरांहून लांब असलेल्या त्या बोगद्यात खिडकी एकदम काळी झाली आणि आवाज बदलला, तेव्हा तिने घाबरून सूर लावला. त्यावर अर्ध्या डब्याने "आलं आलं, बाहेर आलं" असा धीर द्यायला सुरुवात केली, आणि गाडी उजेडात येताच ती स्वतःच गप्प झाली. साडेपाच तासांनी आम्ही चिपळूणला उतरलो, तेव्हा थकलेले फक्त आम्ही दोघे होतो, तेही आदल्या रात्रीच्या जागरणामुळे.

त्यानंतर मुक्काम सुरू झाला.

माझी कल्पना अशी होती की घरात सासूबाई, सासरे, आजेसासूबाई, चुलत सासरे आणि नवरा अशी पाच मोठी माणसे असल्यावर बाळ हातोहात फिरेल आणि मला झोप मिळेल. प्रसूतीची 26 आठवड्यांची रजा संपवून मी सप्टेंबरात कामावर रुजू झाले होते, त्यानंतरची ही माझी पहिली सुट्टी होती, आणि या सुट्टीत मी जे काही करणार होते त्यात झोपेशिवाय दुसरे काही नव्हते. प्रत्यक्षात पाच माणसे म्हणजे पाच मते निघाली. लेक हसत असली की ती कोणाच्या तरी कडेवर असे आणि रडू लागली की "आईकडे जायचंय तिला" या निर्णयासह माझ्याकडे येई.

शिवाय ठाण्यात ती संध्याकाळी सात वाजता अंधाऱ्या खोलीत पंख्याच्या आवाजात झोपते. गावात संध्याकाळी सात ही बाळ बघायला येण्याची वेळ असते, कारण त्याआधी लोकांना कामे असतात. वाडीतली माणसे येत, कोणी दहाची नोट तिच्या मुठीत ठेवी, कोणी नारळ आणी, आणि सगळ्यांना तिला घ्यायचे असे. सातव्या-आठव्या महिन्यात बाळे माणसे ओळखू लागतात आणि अनोळखी चेहऱ्यांना बिचकतात. तिने तर पहिल्या दिवशी सख्ख्या आजोबांनाही सोडले नाही. माणसे मनाला लावून घेतात असे नाही, पण तीन पावले चालून घ्यायला आलेल्या म्हातारीला पाहून बाळाने भोकाड पसरले की सगळ्या ओटीवर अवघडलेपणा पसरतो. त्यावर उपाय सासूबाईंनी काढला. आलेल्याने लगेच हात पुढे करायचा नाही, तिच्याकडे बघायचेही नाही, ओटीवर बसून आमच्याशीच बोलायचे. पाचेक मिनिटांत लेकीला राहवत नसे आणि ती आपणहून त्यांच्या पदराकडे झेपावे. डॉक्टरांनी किंवा मोबाइलमधल्या एकाही सल्लागाराने मला ही युक्ती सांगितली नव्हती.

खरा पेच मधाचा होता. आजेसासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी पहिल्याच सकाळी बाळगुटीसाठी सहाण, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ आणि ओळखीच्या माणसाने आणून दिलेला रानातला मध असा सगळा सरंजाम मांडला. एक वर्षापर्यंत मध अजिबात नाही, असे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी बजावले होते, आणि त्याचे कारण मला पाठ होते. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून असे विष तयार करू शकतात की त्याचे स्नायू लुळे पडतात, चोखण्याची आणि श्वास घेण्याचीही ताकद जाऊ शकते. मी हे सगळे आजींना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "माझी पाच वाढली की गो या मधावर." या वाक्याला उत्तर नसते. ज्यांची वाढली नाहीत ती या हिशेबात येत नाहीत, हे मनात आले तरी चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला ते सांगता येत नाही, आणि त्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या मनात न वाढलेल्या एखाद्या मुलाची आठवण असतेच. जायफळालाही मी नको म्हटले, कारण त्याने बाळाला गुंगी येते आणि दोन वेढ्यांचे चार कधी होतात ते कळत नाही.

दिवसभर आजी काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी वाटीचमचा घेऊन माझ्यापुढे आल्या आणि विचारले, "तुझ्या दुधातून गेलेला चालेल ना तुझ्या डॉक्टरला?" चालणार होते, आईने मध खाण्याला काहीच हरकत नसते. त्या दिवसापासून निघेपर्यंत रोज सकाळी चमचाभर मध मी खाल्ला. तो फार चांगला होता.

रात्रीचा प्रश्न वेगळाच होता. ऑक्टोबरात भातकापणीच्या दिवसांत कोकणात विंचवाची भीती असते, म्हणून बाळाला जमिनीवर झोपवायला सासूबाईंचा ठाम विरोध होता. खाटेवरचा बिछाना त्या रोज दोनदा झटकत आणि मच्छरदाणीची कड गादीखाली चारही बाजूंनी खोचत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, त्याआधीचे दिवस सासूबाईंनी पाहिले आहेत, त्यामुळे त्यांच्या या काळजीला मी एकदाही जुनाट म्हटले नाही. दिवसा मात्र माजघरात आजींच्या जुन्या नऊवारीची झोळी वाशाला टांगली गेली. बाळाने सपाट आणि घट्ट गादीवर झोपावे असे मी वाचलेले होते, म्हणून रात्री खाट आणि दुपारी कोणीतरी शेजारी बसणार असेल तरच झोळी, असा तह झाला. तिसऱ्या दुपारी आजी झोळीची दोरी हातात धरून बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू पड आता. ही उठली तरी तुला हाक मारायची नाही, एवढं मला कळतं." मी तीन तास झोपले. माझी दिवाळी त्या दुपारी झाली.

तशी पंचांगातली दिवाळीही झाली. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे कारीट फोडताना सासूबाईंनी लेकीच्या इवल्या अंगठ्याखाली ते ठेवून आपल्या पायाने दाबले. उटणे मी फक्त तिच्या तळपायांना लावू दिले. फटाक्यांचे आवाज वाडीत फार नव्हते, पण जे होते ते तिच्या झोपेची वेळ नेमकी साधत होते.

भाऊबीजेला माझा भाऊ येणार असल्याने त्याच दिवशी उष्टावण ठरले होते. मामाने चांदीच्या वाटीतून पहिला घास भरवायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. अडचण एवढीच की सहा महिने पूर्ण झाल्यापासून ठाण्यात आम्ही तिला नाचणीचे सत्त्व आणि गुरगुट्या भात भरवत होतो, त्यामुळे पहिला म्हणून जो घास मामा भरवणार होता तो खरे म्हणजे तिचा शंभरावा वगैरे घास होता. हे आजींना सांगायचे नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले होते. शिवाय दोन वर्षांपर्यंत साखर द्यायची नसल्यामुळे खीरही बिनसाखरेची करायची होती. ते मी चाचरत सांगितले, तेव्हा आजी म्हणाल्या, "अगो, बिनसाखरेच्या खिरीला पेज म्हणतात." शेवटी पेजच झाली, वर केशराच्या दोन काड्या घालून. भावाने घास पुढे करताच लेकीने सराईतपणे तोंड उघडले, तो गिळला आणि दुसऱ्यासाठी वाटीकडे हात मारला. आजींनी माझ्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "शिकलेली दिसते."

परतीचा प्रवासही जाण्याइतकाच निर्वेध झाला. रात्री ठाण्याला उतरलो, लेकीला तिच्या ओळखीच्या खोलीत, ओळखीच्या पंख्याखाली झोपवले आणि ती झोपली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. दिवसा तर ती गादीवर ठेवताच वर पाहायची, छताला काहीही टांगलेले नाही हे तिच्या लक्षात यायचे आणि मग ती आमच्याकडे पाहायची. तिसऱ्या दिवशी नवरा जांभळी नाक्याच्या बाजारातून लोखंडी हुक आणि जाड दोरी घेऊन आला, आणि निघताना आजींनी माझ्या पिशवीत न विचारता घातलेले ते नऊवारी मी बाहेर काढले. छताला भोक पाडायला मिस्त्री आला, तेव्हा लेक नुकतीच, चार तासांच्या प्रयत्नांनंतर, माझ्या खांद्यावर झोपली होती. मी त्याला खुणेने ओट्याजवळच्या स्टुलावर बसवले, चहा दिला आणि ती उठेपर्यंत थांबायला सांगितले. तो बिचारा पाऊण तास बसून होता.