बुजवलेली भोकं

बाँड, म्हणजे कर्जरोखा, एका पानाचा होता आणि त्याच्यासोबतचा अहवाल चौऱ्याऐंशी पानांचा. जुन्या आर्थिक कागदांच्या तपासणीत असं प्रमाण दिसलं, की मी आधी अहवाल बाजूला ठेवते.

काकांना ते आवडलं नाही. आयुष्यभर हिशेबनिसाचं काम केलेला माणूस. त्यांनी अहवालाला रंगीत चिठ्ठ्या लावून आणल्या होत्या. "मॅडम, आधी पान १२ बघा," म्हणाले. पान १२ वर एक आकडा होता, इतका लांब की मला शून्यं बोटानं मोजावी लागली.

गोष्ट अशी होती. काकांनी एका ओळखीच्या माणसाला हातउसने पैसे दिले होते. ते परत येईनात. बदल्यात त्यानं तारण म्हणून हा बाँड दिला. एका अमेरिकन रेल्वे कंपनीचा १८८० च्या दशकातला, १००० डॉलरचा. पुढे एक मध्यस्थ उगवला. बाँडवर रक्कम सोन्याच्या नाण्यांत फेडण्याचं वचन छापलंय, म्हणून आजच्या सोन्याच्या भावानं, चक्रवाढ व्याजासकट वसुली करून देतो, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी आधी 'नोंदणी शुल्क' भरायचं. काका शुल्क भरायच्या बेतात होते. मुलीच्या आग्रहाखातर माझ्याकडे आले, तेही कागद अस्सल असल्याचा दाखला हवा म्हणून.

कागद अस्सल होताच. पोलादी ठशावर कोरून केलेली ही छपाई बोटाला कळते. शाई कागदावर उंच बसते, तिरप्या उजेडात रेघांची सावली पडते. भिंगाखाली वाफेच्या इंजिनाचं चित्र पाहिलं, धूर नुसता लहानमोठ्या रेघांचा. आजकालच्या नकलेत तिथे रंगीत ठिपके दिसतात. कडेची जाळीदार नक्षी यंत्रावर काढलेली, हातानं गिरवून तशी जमत नाही. सह्या खऱ्या शाईच्या, काळाची तपकिरी पडलेली. नशिबानं कुणी लॅमिनेट केला नव्हता. लोक प्रेमापोटी करतात आणि कागद कायमचा हातचा जातो.

"म्हणजे खराय!" काका म्हणाले.

"कागद खराय. दावा खरा नाही."

मग मला सांगावंच लागलं. सोन्यात फेडीचं ते कलम अमेरिकेत त्या काळी सर्रास छापायचे, पण ५ जून १९३३ ला तिथल्या संसदेनं ठराव करून अशी कलमं निष्प्रभ केली आणि १९३५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते टिकवलं. अशा जुन्या रेल्वे बाँडवर सोन्याचे हिशेब मांडून लोकांना गंडवण्याचा धंदा इतका चाललाय, की अमेरिकेच्या अर्थखात्यानं त्याबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे.

काका हरले नाहीत. त्यांनी पान ४० उघडलं. "मग हे काय? हॉलंडचा १६४८ चा बाँड. अजून व्याज मिळतं त्यावर."

त्या अख्ख्या अहवालातली ही एकच ओळ खरी होती, म्हणून मला मध्यस्थाचा थोडा रागच आला. लेक नदीच्या बांधाची देखभाल करणाऱ्या मंडळानं १००० गिल्डरचा (तिथलं जुनं चलन) तो रोखा काढला, तोही बकऱ्याच्या कातड्यावर. येल विद्यापीठानं तो २००३ मध्ये संग्रहासाठी घेतला आणि २०१५ मध्ये बारा वर्षांचं साठलेलं व्याज उचललं. ते भरलं १३६ युरो २० सेंट. वर्षाचे साडेअकरा युरोसुद्धा नाहीत. शिवाय कर्ज घेणाऱ्या मंडळाची वारस संस्था आजही बांध सांभाळते आणि देणं मान्य करते, म्हणून तो रोखा जिवंत आहे. याच्या उलट, रशियाच्या नव्या सरकारनं १९१८ च्या फेब्रुवारीत झारच्या काळातली कर्जं एका फर्मानानं रद्द केली आणि लाखो फ्रेंच बचतदारांच्या हातात नुसते देखणे कागद उरले. १९९७ मध्ये रशियानं फ्रान्सला ४० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं तेव्हा वाट्याला आलं ते मूळ रकमेच्या मानानं किरकोळच.

काका गप्प बसले, पण पटलं नव्हतं. हिशेबाच्या माणसाला कायदा सांगून भागत नाही. त्यांनी बाँडला जोडलेल्या कूपनांवर बोट ठेवलं. अशा बाँडला व्याजाची कूपनं चिकटलेली असतात. दर सहा महिन्यांनी एक कापून द्यायचं आणि व्याज घ्यायचं. यावर बावीस शिल्लक होती. "कूपन कापलेलं नाही म्हणजे व्याज दिलेलं नाही. व्याज दिलेलं नाही म्हणजे देणं बाकी. चूक आहे का?"

चूक नव्हतं. मला उत्तरही लगेच सुचलं नाही. सवयीनं मी खोलीतला दिवा मालवला आणि अतिनील दिवा लावला.

जुना चिंध्यांचा कागद या दिव्याखाली मळकट, मंद दिसतो. साधारण १९५० नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी जी रसायनं घालतात, ती याच दिव्याखाली निळसर पेटतात. काकांचा बाँड मंदच होता. पण त्या मंद कागदावर निळे ठिपके होते. वाटाण्याएवढे, गोल, सहा-सहाच्या गटात. कागद मधोमध दोनदा घडी केल्यासारखे एकमेकांचे आरसे. काही बाँडवर, काही कूपनांवर.

मी पुन्हा भिंग घेतलं. त्या जागी नक्षीच्या रेघा बारीक पेनानं जोडलेल्या होत्या. बोट फिरवलं तर सपाट. अर्ध्या तासापूर्वी हेच बोट मी त्यावरून फिरवलं होतं आणि इंजिनाच्या चित्रावर खूश झाले होते.

कंपनी बाँड परत घेते तेव्हा तो पुन्हा कुणी वापरू नये म्हणून त्याला भोकं पाडते. हा बाँड मुदतीआधीच परत घेतला गेला होता, म्हणून न वापरलेली कूपनं त्याच्यासोबतच आली आणि चौघडी करून सगळ्यावर एकदमच पंच मारला गेला. रद्द झालेले असे गठ्ठे कंपन्यांच्या तळघरांतून पुढे संग्राहकांकडे येतात. संग्राहकाला भोकांचं वावडं नसतं, कागदाचा इतिहासच असतो तो. इथे मात्र कुणीतरी आधुनिक कागदाचा लगदा भरून भोकं बुजवली होती, घासून गुळगुळीत केली होती आणि फेडलेलं कर्ज पुन्हा थकीत करून दाखवलं होतं.

काका दिव्याखाली वाकले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पैसे मिळाले होते तर. ज्याला मिळायचे त्याला."

"हो."

"कधीच."

"हो, काका."

त्यांनी विचारलं, भोकं पुन्हा मोकळी करता येतील का. ओलावा देऊन भराव सैल करणारे कारागीर आहेत, पण मी हात लावू नका म्हटलं. तक्रार करायची तर हाच पुरावा. मी अंधारातच फोटो काढले, दिवा लावला आणि अहवाल लिहायला बसले. माझा दीड पानांचा झाला. त्यात लिहिलं: बुजवलेली भोकं २३. हिशेबानं २४ हवीत, पण चार थरांतून पंच मारताना तळाच्या थरात एखादं नीट पडत नाही, तसं झालं असावं.

काकांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तो दिवा परत लावा."

पेन्सिलीचं मागचं टोक कागदाला न टेकवता धरून ते एकेक मोजत गेले, पुटपुटत, रोजमेळ तपासतात तसे. तेवीसला थांबले. मग घडीच्या हिशेबानं अंतर मोजून इंजिनाच्या धुराशी आले, जिथे छपाई सगळ्यात काळी होती. काळ्या रेघांच्या कडेला केसाएवढी निळी कोर होती.

"चोवीस," काका म्हणाले. "दुरुस्त करा."