३ डॉलरचं दुरुस्त रिटर्न

न्यू जर्सीत एडिसनला ओक ट्री रोडवर माझं टॅक्सचं छोटं ऑफिस आहे. २०२४ साली रिटर्न भरायची शेवटची तारीख, १५ एप्रिल, सोमवारी होती, त्यामुळे आदल्या शनिवारी सकाळपासून रीघ लागली होती. अकराच्या सुमारास काका-काकू आले. दोघंही पंचाहत्तरीच्या आसपासचे. त्यांचे जुने अकाउंटंट निवृत्त झाले, तेव्हापासून, म्हणजे आदल्या वर्षापासून, ते माझ्याकडे येत होते.

मी रिटर्न छापून सहीसाठी पुढे ठेवलं. लोक सहसा रिफंडचा आकडा बघतात आणि सही करतात. काका पहिल्याच पानावर थांबले. तिथे नाव-पत्त्याच्या बाजूला दोन चौकोन असतात, एक तुमचा आणि एक जोडीदाराचा. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणूक निधीला ३ डॉलर जावेत असं वाटत असेल, तर तिथे खूण करायची. तुमचा कर वाढत नाही, रिफंड कमी होत नाही. सरकार जमा झालेल्या करातूनच ते पैसे बाजूला काढतं.

"हे रिकामे कसे?"

"सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून रिकामेच असतात, काका. कुणी मागत नाही, म्हणून..."

"तू विचारलंस का आम्हाला?"

नव्हतं विचारलं. इतक्या वर्षांत कुणालाच विचारलं नव्हतं. मागच्या वर्षीची फाइल काढली, तर तीही तशीच रिकामी.

काका चिडले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरलेला मला स्पष्ट दिसला. म्हणाले, "१९७३ च्या उन्हाळ्यात जर्सी सिटीत आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या वॉटरगेट घोटाळ्याची सुनावणी रोज टीव्हीवर लागायची. कंपन्यांचा चोरटा पैसा, रोकड भरलेली पाकिटं, सगळं ऐकलं. पुढच्या वर्षी रिटर्न भरलं, तर त्यावर हा चौकोन. तेव्हा १ डॉलर होता. अगं, या देशात मत द्यायचा हक्क मिळायच्या कितीतरी आधी मला हा चौकोन मिळाला. एक वर्ष चुकवलेलं नाही."

बाजूच्या खुर्चीवर नाशिकचा एक मुलगा आपली पाळी येण्याची वाट बघत होता. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेला. त्याने न राहवून विचारलं, "ताई, म्हणजे मीसुद्धा करू शकतो? मला तर सांगितलं होतं की उमेदवाराला एक डॉलरही द्यायचा नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाने प्रचाराला देणगी देणं हा गुन्हा. पण करासाठी तो इथला रहिवासी धरला जात असेल, तर या चौकोनावर त्याचा हक्क आहे. हा नियम मला पाठ होता. त्याच्यासारख्या कितीजणांची रिटर्न मी भरली, आणि एकालाही सांगितलं नाही.

मग काकू बोलल्या. "माझा चौकोन रिकामाच राहू दे."

काका वळून बघायला लागले. काकूंनी आयुष्यभर लहान मुलांच्या वॉर्डात नर्सिंग केलं आहे. "घेतंय कोण ते पैसे? २०१४ साली या निधीतला पक्षांच्या अधिवेशनांचा वाटा काढून मुलांच्या आजारांच्या संशोधनाकडे वळवला, ते चांगलं झालं. उरलेलेही तिकडेच द्या."

काकूंचं म्हणणं खोडून काढणं सोपं नव्हतं. १९७६ साली राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार कार्टर आणि फोर्ड दोघांनाही मुख्य लढतीसाठी प्रत्येकी सुमारे २ कोटी १८ लाख डॉलर मिळाले आणि तेवढ्यातच भागवायची अट होती. रेगनसुद्धा याच पैशांवर लढले. २००८ मध्ये ओबामांनी हा निधी नाकारला. त्यांचे प्रतिस्पर्धी मॅकेन यांनी ८ कोटी ४१ लाख घेतले आणि खर्चाच्या मर्यादेत अडकले. त्यानंतर दोन मोठ्या पक्षांच्या एकाही अंतिम उमेदवाराने मुख्य लढतीसाठी त्याला हात लावलेला नाही. १९८० च्या सुमारास शंभरातल्या २८ रिटर्नवर खूण असायची, आता चारेक.

पण माझ्या मते दोष निधीचा नाही, अटींचा आहे. १९७४ साली घातलेली खर्चाची मर्यादा महागाईप्रमाणे वाढली, प्रचाराचा खर्च मात्र तिला कुठल्या कुठे मागे टाकून गेला. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत देणगीदाराच्या पहिल्या २५० डॉलरना सरकार या निधीतून तेवढीच जोड देतं, आणि हा २५० चा आकडा तर पन्नास वर्षांत हललेलाही नाही. लहान देणगीला सहापट जोड द्यावी, अशी तरतूद असलेलं विधेयक प्रतिनिधीगृहात २०१९ आणि २०२१ मध्ये मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडलं. आणि हे जमू शकतं, हे आम्हा न्यू जर्सीवाल्यांना माहीत आहे. आमच्या राज्याच्या रिटर्नवर गव्हर्नरच्या निवडणुकीसाठी १ डॉलरचा असाच प्रश्न असतो. तिथे देणगीला दुप्पट जोड मिळते, १९७७ पासून.

हे सगळं मी घडाघडा बोलून गेले. बाहेर लोक ताटकळत होते. काकू शांतपणे म्हणाल्या, "अटी बदलल्या की मीही खूण करीन."

काकांना मी म्हटलं, "मागच्या वर्षीचंही दुरुस्त करता येईल. मूळ मुदतीनंतर साडेवीस महिने मिळतात. केलेली खूण मागे घेता येत नाही, पण राहिलेली करता येते. मी फी घेणार नाही."

"३ डॉलरसाठी दुरुस्त रिटर्न?" मुलाने विचारलं.

"भर," काका म्हणाले.

दुरुस्तीच्या फॉर्मवर बदलाचं कारण लिहावं लागतं. मी लिहिलं: मूळ रिटर्न भरताना तयार करणाऱ्याने करदात्याला हा प्रश्न विचारला नव्हता. रिटर्न जॉइंट असल्याने सह्या दोघांच्या हव्या होत्या. काकांनी केली. काकूंनी चष्मा लावला, कारणाची ओळ पूर्ण वाचली, आपला चौकोन रिकामा आहे ना ते पाहिलं आणि काकांच्या हातातून पेन घेतलं.