नोव्हेंबरात प्राग पायी फिरताना

कापूस वेचणीच्या सुरुवातीला शेतात करतात ती सीतादहीची पूजा झाली, कापसाचा पहिला वेचा घरात आला आणि ऑक्टोबरच्या शेवटी मी लेकीकडे प्रागला गेले. आमच्या हिंगणघाटकडे या दिवसांत लख्ख ऊन असतं. प्रागला नऊ दिवस सूर्यच दिसला नाही. आभाळ उघडेल म्हणून पहिले दोन दिवस मी खिडकीशी बसून घालवले. तुम्ही तसं करू नका. तिथला पाऊस कोसळत नाही, नुसता झिमझिमतो. टोपीचं जाकीट चढवा आणि निघा.

चार्ल्स पूल सकाळी सातलाच गाठा. 1357 साली बांधायला घेतलेला हा पूल अर्ध्या किलोमीटरहून थोडा लांब आहे, कठड्यांवर 30 पुतळे. धुक्यात एक पुतळा मागे पडायचा तेव्हा कुठे पुढचा दिसायचा, आणि खाली व्लताव्हा नदी फक्त ऐकू यायची. दहानंतर तिथे जत्रा भरते, पाकीट सांभाळा.

जुन्या भागातले रस्ते छोट्या दगडांचे, त्यावर ओली पानं पडली की पाय सटकतो. खाचांचा रबरी तळ असलेले बूट आणि लोकरी मोजे हवेतच. झेब्रा क्रॉसिंगवर मोटारी थांबतात, पण ट्राम थांबत नाही, तिचा हक्क पहिला. कागदी तिकिटावर पिवळ्या यंत्रात शिक्का मारायला विसरू नका, नाहीतर दंड बसतो. पैसे कोरुनात, युरोत नाही. शाकाहारी माणसाला तळलेलं चीज आणि बटाटे मिळतात. सोबत जवसाची चटणी ठेवा; तूप-पेढे मात्र नेऊ नका, दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत.

2 नोव्हेंबरला तिथे मृतांचं स्मरण करतात. त्या दुपारी मी मेट्रोच्या सी मार्गाने विशेहराडच्या जुन्या किल्ल्यावर गेले. संगीतकार द्वोर्झाक यांची समाधी तिथल्याच दफनभूमीत आहे. माणसं थडग्यांवरची पानं झाडत होती, काचेच्या भांड्यांत मेणबत्त्या लावत होती. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मला सर्वपित्रीला सासूबाईंच्या नावाने वाढलेलं पान आठवलं, आणि एक मेणबत्ती मीही लावली. परक्या गावी इतकं घरचं मला दुसरीकडे कुठेच वाटलं नाही.

या दिवसांत पाचच्या आत अंधार पडतो. म्हणून विशेहराडच्या तटावरून नदी आधी बघून घ्या, मग थडग्यांवरच्या दिव्यांकडे वळा.